बिवलकरांचं प्रस्थान

बावन्न सालच्या मार्गशीर्षात डोंबिवलीत बातमी उठली की श्रीपाद बिवलकर बाईबरोबर पळून गेला. ठाण्याला मिठाच्या खात्यात कारकुनी करणारा, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन खाली मान घालून घरी येणारा श्रीपाद. बाई कोण, अशी चौकशी झाली तेव्हा कळलं की त्याची स्वतःचीच बायको. यानं बातमीचा भाव उतरायला हवा होता, पण तो चढला. दुसऱ्याच्या बायकोबरोबर गेलेले एक-दोघं गावाला ठाऊक होते. स्वतःच्या बायकोबरोबर पळून जाणारा हा पहिलाच निघाला. लोक म्हणाले, काहीतरी भयंकर कारण असणार.

बातमी साफ खोटी होती. ती दोघं आमच्या अंगणात होती. बिवलकरांच्या पायरीवरून आमच्या अंगणात यायला पानाला चुना लावण्याइतकाही वेळ लागत नाही. एवढा प्रवास करून ती तिथंच मुक्कामाला राहिली होती आणि घरी परतायला त्यांना धर्मानं मनाई होती. हे कसं झालं ते सांगतो. मी पडलो शेजारी. मला सगळं माहीत असतं, आणि जे मला माहीत नसतं ते आमच्या हिला माहीत असतं.

श्रीपाद उंचीनं बरा, पण उभा राहायचा असा की कुणी जागा मागितली तर चटकन देता यावी. कुणी बोलायला लागलं की ऐकायचा, आणि बोलणं संपलं तरी आणखी थोडं ऐकायचा. 'नको' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. साहेब 'बस' म्हणायला विसरला म्हणून कचेरीत तो एकदा दुपारपर्यंत उभाच होता, असं आळीत सांगतात. ही गोष्ट मी पसरवली आहे, पण आमच्याकडे येऊन तो उभा राहायचा तेव्हा ती खरीच वाटायची.

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. माणसं नऊ. श्रीपादची आई, जिला सगळी आळी माई म्हणते, विधवा आत्याबाई, दोन बिनलग्नाचे भाऊ, शाळेसाठी ठेवलेले तीन भाचे, आणि हे नवरा-बायको. पुढच्या खोलीत भाऊ आणि भाचे झोपत. स्वयंपाकघरात बायका. श्रीपाद पडवीत, कठड्याच्या गजांतून पाय बाहेर काढून. आणि त्याची बायको, आमच्या मंदावहिनी, स्वयंपाकघरात माई आणि आत्याबाई यांच्या मधोमध, पोथीत खुणेचा दोरा घालावा तशा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्यासाठी माईंनी नवस बोलले, सुनेला सोमवार धरायला लावले, पिंपळाला प्रदक्षिणा घालायला लावल्या. देवांनी काय काय मागितलं असेल ते असो, पण रात्री कोण कुठं झोपतं ते एकदा बदलून पाहा, असं एकाही देवानं सुचवलं नाही आणि माईंनाही सुचलं नाही.

मंदावहिनींचं मागणं फार मोठं नव्हतं. एकदा विहिरीवर त्या आमच्या हिला म्हणाल्या होत्या की एक रात्र अशी मिळावी, जिच्यात उठताना कुणाला ओलांडावं लागू नये आणि हळू बोलावं लागू नये. ही घरी येऊन मला म्हणाली, कुणाला सांगू नका. म्हणून मी फक्त श्रीपादला सांगितलं.

तो पुढच्या रविवारी कल्याणला गेला.

लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पात मिलिटरीनं टाकलेल्या मालाचे डोंगर पडले होते. कुणी त्यातून पातेली आणली, कुणी बूट, आमच्या एका मास्तरांनी तर हवाई छत्री आणून तिचे मुलींना परकर शिवले. सगळं संपत आलं तरी उरलेला भंगार माल कॅम्पातल्या व्यापाऱ्यांकडे पडून होता. श्रीपादला हवी होती घडीची एक खाट. रुंद असेल तर बरी, एवढाच त्याचा विचार. अशी एक खाट त्याला दिसलीही, पण ती होती एका मोटारीच्या पोटात. व्यापारी म्हणाला, लॉट फोडता येणार नाही. खाट हवी तर गाडीसकट घ्या. दुसरा कुणी असता तर हसून पुढं गेला असता. श्रीपादला 'नको' म्हणता येत नव्हतं. पैसे कुठून उभे केले ते मी विचारलं, तेव्हा त्यानं मला पान दिलं.

गाडी डोंबिवलीत आली ती बैलजोडीमागून. हिरवी, ठोकळ्यासारखी मिलिटरी वॅगन, बॉनेटवरचा पांढरा तारा चुन्यानं पुसलेला, खिडक्यांना काचा नाहीत आणि आत एरंडाचं रोप वाढलेलं. चारही चाकांना इंजिनाचा जोर लागतो, ही कुठंही चढते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तूर्त जोर बैलांना लागत होता. आळी दारात गोळा झाली. माई पडवीतून म्हणाल्या, हे काय आणलंस? श्रीपाद म्हणाला, "खाट."

त्या दिवसापासून बिवलकरांच्या घरी तिला खाटच म्हणतात.

मग सुरू झाली दुरुस्ती. कल्याणचा एक मिस्त्री येऊन इंजिनात दोन रविवार डोकं घालून बसला. कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदारानं कुठून कुठून सुटे भाग जमवून दिले. तिसऱ्या रविवारी हँडल मारल्याबरोबर इंजिन सुरू झालं, आळीतल्या झाडांवरचे कावळे उडाले आणि माईंनी कानांवर हात घेतले. म्हणजे गाडी चालत होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढं ती चालेना तेव्हा पुष्कळांनी श्रीपादच्या पत्रिकेला दोष दिला.

आतलं काम मंदावहिनींनी हातात घेतलं. एरंड उपटला. मागचं बाक काढून खाट बसवली. खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे झाले. खाटेच्या पायथ्याशी फळी ठोकून त्यावर स्टोव्ह, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं. लाटणं घरंगळू नये म्हणून त्याला पुठ्ठ्याचा गोठा. छताला तांब्या अडकवायला आकडा. रोज दुपारी मागचं आवरून झालं की त्या गाडीत जाऊन बसत. आमची ही डोकावली की म्हणत, बसा ना, आणि स्वतः सरकून जागा करून देत. बारा वर्षांत त्यांना 'बसा' म्हणायला स्वतःची अशी जागा पहिल्यांदा मिळाली होती.

कुठं जायचं तेही ठरलं. माळशेजचा घाट. नाताळाच्या सुट्टीला जोडून श्रीपादनं नोकरीत पहिल्यांदाच रजा मागितली, आणि साहेब इतका दचकला की त्यानं दिली. माईंना हे समजेना. त्यांनी विचारलं, माळशेजला देव कुठला? देव नाही. मग तिथं आपलं कोण आहे? श्रीपाद म्हणाला, कुणी नाही. मग कशाला जायचं? त्यावर तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, कुणी नाही म्हणूनच. माईंना वाटलं, मुलाला बाधा झाली. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

तंबू हवा होता. घाटात स्वयंपाक बाहेर करायचा तर आडोसा पाहिजे. त्यासाठी मी खाडीवरच्या भिवाजी कोळ्याचं नाव सुचवलं, कारण त्याच्याकडे होडीचं जुनं शीड होतं. शिवाय तो मिलिटरीत होता असंही सगळे म्हणत. पुढं कळलं की तो लढाईत कॅम्पाच्या भटारखान्याला बोंबील पुरवत होता. पण तोवर तो आला होता, शीड बांधून झालं होतं आणि त्यानं सवयीनं वाकून गाडीचं बूड पाहिलं होतं. बूड पाहून त्याला दुःख झालं. एवढी भोकं असलेली वस्तू लोक पैसे देऊन घेतात, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. वाटेत काळू नदी आहे, तिच्यात उतरावं लागलं तर काय, असं त्यानं विचारलं. श्रीपादनं 'नको' म्हटलं नाही. दोन दिवस भिवाजी गाडीखाली उताणा पडून होता. प्रत्येक भोकात काथ्या ठोकला, वर राळ भरली, त्यावर डांबर, आणि सगळ्यावरून, होडीला लावतात तसं, मुशीच्या माशाचं तेल चोपडलं. बाहेर येऊन म्हणाला, "शिरपाददादा, आता हिच्या बुडानं पान्याचा थेंब घेतला तं माजं नाव भिवाजी नाय."

मुशीच्या तेलाचा वास काय असतो ते सांगून कळणार नाही. आमची आळी सगळी वरणभातवाल्यांची. पहिल्या रात्री चार मांजरं आली. दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीच्या बाजूनं रुळाकडेनं येणारी मांजरं मी स्वतः पाहिली. ती गाडीखाली मांडी घालून बसल्यासारखी बसत आणि गाडीकडे पाहत. माईंना गाडीपासून सात हात लांब राहूनच बोलावं लागे, कारण त्या सोवळ्यातल्या. त्या लांबून बोलत, मांजरं जवळून ऐकत, आणि श्रीपाद मध्ये उभा.

एक दिवस असंच बोलता बोलता माईंच्या लक्षात आलं की या गाडीचं चाक डावीकडे आहे. अमेरिकन माल, हाकणारा डावीकडे बसायचा. म्हणजे श्रीपाद डावीकडे, आणि सून त्याच्या उजव्या हाताला. भर रस्त्यातून, चारचौघांत, बायको नवऱ्याच्या उजवीकडे? त्यांनी टेंबेभटजींना बोलावणं धाडलं.

भटजींनी गाडीला एक फेरा घातला, नाकाला उपरणं लावून दुसरा घातला आणि निर्णय दिला. पत्नी एरवी पतीच्या डावीकडे. उजवीकडे ती बसते फक्त धर्मकार्याच्या वेळी. इथं ती उजवीकडे बसणार, यात बदल होणं नाही, कारण चाक उपटून इकडे लावता येत नाही. सबब हा प्रवास म्हणजे धर्मकार्य आहे. मी विचारलं, गाडी चालवणं हे धर्मकार्य? भटजी म्हणाले, गाडीचं मला विचारू नका, बसण्याचं विचारा.

माई खूश झाल्या. धर्मकार्य म्हटल्यावर मुहूर्त आला, आणि मुहूर्त म्हटल्यावर तो माईंच्या हातात आला. पौष लागला की शुभाचं सगळं बंद. म्हणून मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार निघाला. सकाळची वेळ, पूर्व दिशा, दिशाशूळ नाही. तो चुकला तर थेट माघ. आणि माघात श्रीपादला रजा कोण देतो? एकदा दिली म्हणून साहेबाला अजून झोप लागत नव्हती.

गुरुवारी आळी लोटली. मंदावहिनींची ओटी भरली, नारळ फोडला, दोघं पुढं बसली, नवरा डावीकडे, बायको उजवीकडे, पाटावर बसावीत तशी ताठ. भावानं हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा मारलं. पुन्हा खोकलं. आळीतल्या सगळ्या पुरुषांनी आळीपाळीनं हँडल मारून खांदे दुखवून घेतले. वेळ टळत चालली. तेव्हा भटजींनी तोड काढली: प्रस्थान ठेवा.

नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. मुहूर्तावर निघणं जमत नसलं तर सुपारी, अक्षता, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. ते तुमचं प्रस्थान. शास्त्राच्या हिशेबी तुम्ही निघालात. मग दोन-चार दिवसांत सवडीनं निघा आणि वाटेत पुरचुंडी उचलून चालू लागा. बिवलकरांच्या पूर्वेला आमचं घर. भटजी म्हणाले, शेजाऱ्याकडे न्या. त्यांना म्हणायचं होतं पुरचुंडी. पण हँडल मारून चिडलेल्या मंडळींनी ऐकलं गाडी. 'मोरया' म्हणून सगळ्यांनी मागून जोर केला, कुंपणाच्या दोन काठ्या मोडल्या आणि गाडी आमच्या अंगणात जास्वंदीला टेकून उभी राहिली. आत ही दोघं, ओटीतल्या नारळासकट. वेळेला काही क्षण बाकी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर भटजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी माईंना बाजूला घेऊन सांगितलं की प्रस्थान झालं खरं, पण सुपारीचं नाही, माणसांचं झालं. सुपारी ठेवली असती तर माणसं घरी जाऊ शकली असती. आता ही दोघं सदेह निघाली आहेत. परत उंबरा ओलांडला की प्रस्थान मोडलं, मग माघाशिवाय गती नाही. माई म्हणाल्या, मग यांनी राहायचं कुठं? भटजी म्हणाले, जिथं प्रस्थान ठेवलंय तिथं. सुपारी नाही का राहत? आमची ही म्हणाली, सुपारीला भूक लागत नाही.

श्रीपादनं गाडीतून उतरून मला विचारलं, बाळराव, आम्ही राहिलो तर चालेल का? तो आधीच अंगणात उभा होता. नाही म्हणून काय उपयोग.

अशी त्यांची यात्रा सुरू झाली. शीड आमच्या पेरूला आणि विहिरीच्या रहाटाला बांधलं गेलं. मंदावहिनींनी पहिल्या दिवशी स्वयंपाक केला तो सवयीनं नऊ माणसांचा, आणि आळीनं जेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सहा माणसांचा झाला. चौथ्या दिवशी त्यांनी दोन माणसांचा भात केला आणि पातेल्याच्या तळाशी एवढासा भात पाहून त्यांना इतकं हसू आलं की माईंनी कुंपणापलीकडून विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाल्या, भात झाला.

माईंची अवस्था वाईट होती. सून समोर दिसते, पण कामाला बोलावता येत नाही. स्वतःच काढलेल्या मुहूर्ताला स्वतःच कसं मोडायचं? त्या पडवीत उभ्या राहून विचारत, जिरं कुठं ठेवलंयस, आणि वहिनी आमच्या अंगणातून सांगत, दुसऱ्या फळीवर, माई. चिंच कुठं? माळ्यावर, माई. तुरडाळ? बारा वर्षं मंदावहिनींच्या हातांनी चाललेलं घर माईंना एकेका डब्यानं नव्यानं ओळखून घ्यावं लागत होतं.

पण तुम्ही म्हणाल, दोघांना हवं होतं ते मिळालं की. कसलं मिळतंय? पहिल्याच संध्याकाळी माईंनी विचार केला की परक्याच्या अंगणात जोडप्यानं एकटं राहणं बरं दिसत नाही, आणि आत्याबाईंना उशी देऊन सोबतीला पाठवलं. आत्याबाई खाटेवर, मंदावहिनी खाटेखाली, आणि श्रीपाद बाहेर शिडाखाली मांजरांत. दिवसा तर जत्राच. कोपरीहून माणसं बघायला आली. सुपारीच्या जागी माणसं ठेवली आहेत, असं कुणी सांगितलं म्हणून एक म्हातारी हळदकुंकू घेऊन आली आणि दोघांना वाहून गेली. श्रीपाद रोज सकाळी हँडल मारी, इंजिन खोकून गप्प होई, आणि रजेतला आणखी एक दिवस खाडीत जाई. कल्याणचा मिस्त्री नाताळासाठी गावाला गेला होता. भिवाजी रोज येऊन बूड पाही आणि म्हणे, एक थेंब शिरणार नाय. श्रीपाद आधी बोलत नव्हता, आता ऐकेनासाही झाला. मी थट्टा केली तरी तो गाडीच्या टपाकडे पाहत राही. मंदावहिनींनी मात्र पडद्यांना नवी दोरी घातली. गाडी निघणार, यावर विश्वास असलेली आळीत ती एकच बाई होती, आणि तीच सगळ्यांत शांत होती.

रजेचा आठवडा उरला तेव्हा माईंनी शेवटचा डाव टाकला. एकदा सकाळीच त्या लुगड्याचा पदर खोचून, ट्रंक भाच्याच्या डोक्यावर देऊन आमच्या अंगणात अवतरल्या. धर्मकार्याला घरचं वडील माणूस हवं. त्याशिवाय देव अडवतोय, गाडी निघत नाही, असा त्यांनी अर्थ काढला होता. मीही येते आणि आत्याही येते, असं म्हणत सोवळं, मुशीचं तेल सगळं गिळून त्या मागच्या दारानं चढल्या आणि खाटेच्या मधोमध बसल्या. आत्याबाई तिथं होत्याच. टेंबेभटजी पाहायला आले होते. त्यांनी मान डोलावली.

श्रीपाद हँडल धरून पुढं उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. इतक्या दिवसांत मी त्याच्यावर पुष्कळ विनोद केले होते, त्या घटकेला एकही आठवला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं. मंदावहिनी आपल्या जागेवर, उजवीकडे बसल्या होत्या. त्या मागं वळल्या आणि अगदी हळू, घरी बोलत तशाच आवाजात म्हणाल्या, "माई, धर्मकार्याला पाटावर दोघंच बसतात ना?"

सगळ्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, शास्त्र तसंच आहे खरं.

माई हटल्या नाहीत. म्हणाल्या, मी कुठं पाटावर बसलेय, मी खाटेवर बसलेय. तेव्हा श्रीपादनं हँडल मारलं.

त्यानं ते कसं मारलं ते मला सांगता येत नाही. आजवर तो हँडलसुद्धा परवानगी मागून फिरवल्यासारखा फिरवायचा. त्या दिवशी त्यानं बारा वर्षांचं जे काही होतं ते त्यात घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. इंजिन खोकत राहिलं, गाडी पोटात वारा धरलेल्या म्हशीसारखी थरथरली, आणि मागून तोफेसारखा बार झाला. मांजरं एका दमात अदृश्य झाली. भिवाजीनं गाडीचं एकूण एक भोक बुजवलं होतं, त्यात धूर बाहेर जायची नळीही बुजवली होती. होडीला अशी नळी नसते, त्याला वाटलं हीच सगळ्यांत मोठी गळती. तो काथ्या-डांबर-राळेचा बोळा सुटला, कुंपणावरून गेला, बिवलकरांच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून आत शिरला आणि सोवळ्यात शिजत असलेल्या वरणात पडला. आतून भाऊ ओरडला की वरणात काहीतरी काळं पडलंय आणि त्याला माशाचा वास येतोय.

माई खाटेवरून उठल्या कशा आणि उतरल्या कशा, कुणी पाहिलं नाही. दिसल्या तेव्हा त्या स्वतःच्या पायरीवर होत्या. आत्याबाई मागोमाग. स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला: "श्रीपाद, आधी इकडे ये."

इंजिन चालू होतं. साफ, एकसारखं चालू होतं. श्रीपादनं हँडल काढून पायाशी ठेवलं, डावीकडून चढला, आणि बसला. आईची हाक आली की तो जेवत्या ताटावरून उठायचा, हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं. आवाज पुन्हा आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही, घराकडे पाहिलं नाही. उंबरा ओलांडला असता तर प्रस्थान मोडलं असतं. पण मला नाही वाटत तेव्हा त्याच्या डोक्यात प्रस्थान होतं. गाडी मागं आली, आमचं उरलेलं कुंपण घेऊन पुढं गेली, आणि शीड, पेरूची एक फांदी आणि दोन निष्ठावंत मांजरं मागून ओढत कल्याणच्या वाटेला लागली. कुणीतरी पुन्हा 'मोरया' म्हणालं. बहुधा मीच.

रजा संपली त्या दिवशी गाडी परत आली. बैलजोडीमागून. दोघं पुढंच बसली होती, उन्हानं रापलेली. मंदावहिनी हळू बोलायचं विसरून आल्या होत्या. गाडीतूनच त्यांनी आमच्या हिला हाक मारली ती चार घरं पलीकडे गेली. आळीनं साहजिकच बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. नऊ मोजले, मग आळीची बोटं दुखली. काही झालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माईंनी पुन्हा नवस बोलले नाहीत, का ते ठाऊक नाही. श्रीपाद मात्र दर मार्गशीर्षात रजा मागतो, गाडी निघते, आणि ती कुठं बंद पडते याची आता कुणी चौकशी करत नाही.

पण त्या पहिल्या वर्षी चौकशी झालीच. मुरबाडकडच्या एका दूधवाल्यानं सांगितलं की हिरवी गाडी घाटात गेलीच नाही. कल्याण सोडून थोडं पुढं, काळू नदीच्या अलीकडच्या उघड्या माळावर, ती पहिल्याच दिवशी बंद पडली आणि रजा संपेपर्यंत तिथंच उभी होती. ही माहिती माझ्या हाती आली आणि मी ती रविवारपर्यंत जपून ठेवली. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर भटजी होते, भिवाजी होता, आळीतली चार टाळकी होती. श्रीपाद भाजीची पिशवी घेऊन जात होता. मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो श्रीपादराव, माळशेजचं तोंडसुद्धा पाहिलं नाहीत म्हणे. मग इतके दिवस तिथं पाहिलंत तरी काय?"

त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, "काही नाही. गाडीला दार आहे, ते लावून घेतलं होतं."